गाडी आपोआप बंद पडते का?

भेस्तान, सुरत
९ एप्रिल २०२५

श्री. लोटू हिलाल मराठे यांस,
नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमची चंदेरी गाडी मी फेब्रुवारीत उधन्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली. नावावर करायचे कागद एजंटकडे पडून आहेत, त्यामुळे आर.सी. बुकावर अजून तुमचं नाव आणि नंदुरबारचा पत्ता आहे. म्हणून हे पत्र. दुकानदाराने तुमचा म्हणून दिलेला नंबर मी पुष्कळदा लावला. एकदाच उचलला गेला. मागे कापड विणायच्या लूमचा खडखडाट ऐकू येत होता. मी गाडीचं नाव काढताच फोन ठेवला.

मी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. भेस्तान, पांडेसरा, उधना, जिकडून लॅबला फोन येईल तिकडे. आधी स्कूटीवर फिरायचे. मागच्या उन्हाळ्यात डब्यातला बर्फ वितळून नमुने खराब झाले आणि एका म्हाताऱ्या आजींना दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. त्या दिवशी ठरवलं, एसीची गाडी घ्यायची, जुनी का असेना.

फेब्रुवारीत गाडी छान चालली. मार्च संपता संपता ती बंद पडायला लागली. सिग्नलला उभी असते आणि एकदम गप्प होते. मग किल्ली फिरवून फिरवून हात दुखतो, ती काही घेत नाही. थोड्या वेळाने काहीच झालं नाही अशी सुरू होते. एसीचंही तेच. कधी गारेगार, कधी भट्टीची हवा. गॅरेजला नेली की शहाण्यासारखी वागते. दोन मेकॅनिक म्हणाले, "ताई, गाडीत काही नाही, तुमचा क्लच-एक्सिलेटरचा मेळ बसत नाही."

माझं म्हणणं एवढंच, की तुम्हाला हे माहीत असणार. माहीत असून न सांगता गाडी विकणं बरं नव्हे. झालं ते झालं, पण निदान दोष कुठे आहे ते तरी कळवा. जीव मुठीत धरून मी आता गाडी चालवते आहे.

चैताली पोपट बैसाणे

*

नंदुरबार
१६ एप्रिल २०२५

चैतालीताईंस,
लोटू मराठेचा नमस्कार.

पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिलं ते बरं झालं. मी ओट्यावर बसलेलो होतो. चारदा वाचलं.

मी गाडी विकलेली नाही.

माझा मुलगा गजेंद्र कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. गेल्या जुलैत तो आला आणि म्हणाला, "बाबा, सुरतेला चांगलं गॅरेज आहे, गाडी तिथे दाखवतो." मी हो म्हणालो. नंतर विचारलं की म्हणायचा, पार्ट मिळत नाही, कंपनीतून यायचा आहे. दिवाळीत काही कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. विम्याचे आहेत म्हणाला. मी वाचले नाहीत. पोटच्या पोराने पुढे केलेला कागद कोण वाचतं?

फोनचा नंबर त्याचाच असणार. मला फोनवर ऐकू येत नाही. एस.टी.त ड्रायव्हर होतो, नंदुरबार डेपोला. सगळी नोकरी इंजिनाशेजारी बसून गेली, त्यात डावा कान गेला. उजवाही आता त्याच वाटेवर आहे. पण एवढ्या नोकरीत माझ्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे डेपोत कोणालाही विचारा.

मागच्या वर्षी मे महिन्यात नात आली होती, धनश्री, चौथीतली. तिला आणि सुंदराला, म्हणजे माझ्या बायकोला घेऊन मी सुंदराच्या माहेरी निघालो. वाटेत रेल्वेचं फाटक आहे. फाटक उघडंच होतं, पण पुढे उसाची ट्रॉली अडकली होती, म्हणून बराच वेळ उभं राहावं लागलं. ट्रॉली हलली, मी गाडी पुढे घेतली आणि नेमकी रुळांवर ती बंद पडली. लोकांनी ढकलून काढली. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून घरात एकच ठरलंय, की गाडी बंद पडली नाही, बाबांनी बंद पाडली. बाबांचं डोकं ठिकाणावर नाही.

मेकॅनिकने पाहिली, त्याला काही सापडलं नाही. गजेंद्रने स्वतः सुरतेपर्यंत नेली, वाटेत एकदाही बंद पडली नाही. मग माझं कोण ऐकणार?

तुम्ही मला दोष दिलात त्याचा राग नाही. मला फक्त एक गोष्ट कळवा, नीट विचार करून कळवा. तुमच्या हातात गाडी खरोखर आपोआप बंद पडते का? की तुमच्याकडून काही चुकतं?

माझ्या मते पेट्रोलचा पंप बघा, आणि फिल्टर. उन्हाने पंप तापतो आणि दम सोडतो. दुसरं काही नसणार.

सुंदराला या पत्राबद्दल सांगितलेलं नाही.

आपला,
लोटू हिलाल मराठे

*

भेस्तान
२२ एप्रिल २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "काय लिहून बसलीस गं तू त्या माणसाला!" मला लाज वाटली. ज्याची गाडी नेली त्यालाच मी चोर म्हटलं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो. गाडी आपोआप बंद पडते. माझ्याकडून काही चुकत नाही. खात्री करायला रविवारी आईला शेजारी बसवलं आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. गिअर काढलेला, पाय खाली, दोन्ही हात मांडीवर. आई माझ्या पायांकडे बघत बसली. इंजिन चालू, एसी चालू. आधी एसीची हवा कोमट झाली. मग स्टिअरिंग थरथरायला लागलं. इंजिनाचा आवाज खोल गेला, जणू कोणी त्याच्या पाठीवर पोतं टाकलंय. आणि बंद. आई म्हणाली, "तू तर काहीच केलं नाहीस!"

तुम्ही सांगितलंत तसा फिल्टर बदलला आणि पंप तपासून घेतला. पंप उत्तम आहे. फरक पडला नाही. परवा उधन्याच्या पुलाच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये उभी असताना बंद पडली. मागे सिटी बस होती. तिच्या हॉर्नने मी इतकी गडबडले की किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची तेच सुचेना. तुमच्या रुळांची आठवण झाली.

एक विचारायचं आहे. तुमच्या हातात ती जेव्हा जेव्हा बंद पडली, तेव्हा एसी लावलेला होता का? आणि एकटे असताना कधी बंद पडली का?

मला अहो-जाहो करू नका. मी तुमच्या मुलापेक्षाही लहान असेन.

तुमची,
चैताली

*

नंदुरबार
२९ एप्रिल २०२५

चि. चैताली हिला आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन मी गच्चीवर गेलो आणि एकटाच बसून राहिलो. अकरा महिन्यांत मला खरं मानणारं कोणी भेटलं नव्हतं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. त्या माउलीने पायांकडे बघितलं, माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

तुझा प्रश्न वाचून मी चमकलो. एकटा असताना मी एसी लावतच नाही. उभा जन्म एस.टी.त गेला, काचा खाली करून गाडी चालवायची सवय. एसी लागायचा तो सुंदरा बसली की, नाहीतर नात आली की. आणि बंद पडायची तीही तेव्हाच! म्हणून तर सगळे म्हणायचे, बाबा घरच्यांसमोर गडबडतात. गजेंद्रने सुरतेला नेली तेव्हा पाऊस होता. त्याने एसी कशाला लावला असेल?

त्या फाटकावर गाडी बंद पडल्यावर मी किल्ली फिरवत होतो. एकसारखी फिरवत होतो. ती घेतच नव्हती, अगदी तू लिहितेस तशी. सुंदराने पोरीला ओढून बाहेर काढलं. फाटकवाला झेंडी घेऊन धावत आला. ऊसवाल्यांनी ढकललं. मग एक मालगाडी गेली, केवढी तरी लांब. तिचे डबे संपेपर्यंत आम्ही रुळांच्या कडेला उभे होतो.

आता मी घरात कैदी आहे बघ. भाजी आणायला सुंदरा बरोबर, दाढी करायला सुंदरा बरोबर. परवा म्हणालो, जरा डेपोत जाऊन येतो, जुने लोक भेटतील. तर म्हणते, "आते काय शे तथं? तुमी गप बठा घरमा." ती वाईट नाही. ती घाबरते.

माझं एक काम कर. कडोदरा तुझ्यापासून लांब नाही. गजेंद्रला भेट. तुझ्या तोंडाने त्याला सांग, की बाबा खोटं बोलत नव्हते. पत्ता मागे लिहिला आहे. मी सांगितलं तर तो म्हणेल, झालं बाबांचं सुरू.

आशीर्वाद.
लोटू मराठे

*

नंदुरबार
२ मे २०२५

चैतालीताईंस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल राग नसावा. मी गाडी विकलेली नाही. मुलगा गजेंद्र कडोदऱ्याला असतो, तो दुरुस्तीला म्हणून घेऊन गेला. मी एस.टी.त ड्रायव्हर होतो, डावा कान इंजिनाने गेला, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

मला फक्त एवढंच कळवा, गाडी तुमच्या हातात खरोखर आपोआप बंद पडते का? कारण इथे कोणाला पटत नाही.

पेट्रोलचा पंप बघा. दुसरं काही नसणार.

आपला,
लोटू हिलाल मराठे

*

भेस्तान
१४ मे २०२५

आदरणीय काका,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा लिहिते आहे, ते सगळं खरं लिहायचं ठरवून.

आधी गाडीचं. तुम्ही लिहिलंत की एसी लावला तरच बंद पडायची. ते वाचून मी आमच्या भागातल्या हेमराजभाई मेकॅनिककडे गेले. आजवरच्या मेकॅनिकनी बॉनेट उघडलं ते एसी बंद ठेवून. मी म्हटलं, भाई, आज भर दुपारी उन्हात उभी करा, एसी पूर्ण लावा आणि माझ्याबरोबर उभे राहा. ते तयार झाले. वेळ गेला, हवा कोमट झाली, इंजिन थरथरलं. हेमराजभाई वाकून बघत होते. एकदम म्हणाले, "बेन, आ पंखो तो फरतोज नथी!" पंखा फिरतच नव्हता.

या गाडीत दोन पंखे आहेत, काका. एक रेडिएटरचा, एक खास एसीचा. रेडिएटरचा नीट फिरतो, म्हणून तापमानाचा काटा वर चढत नाही आणि कोणाला शंका येत नाही. एसीचा पंखा कधी फिरतो, कधी अडतो. गाडी पळत असली की समोरच्या वाऱ्यावर भागतं. पण उभी राहिली की एसीचा गॅस तापत जातो, त्याचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर जड होतो आणि त्याचा सगळा भार इंजिनावर येतो. वर इंजिनाला हवा देणाऱ्या थ्रॉटलमध्ये काजळी बसलेली, म्हणजे उभ्या इंजिनात आधीच जोर कमी. भार सोसत नाही, बंद पडतं. दाब उतरला की पुन्हा सुरू. हेमराजभाईंनी पंख्याची मोटर बदलली, थ्रॉटल साफ केला. काल उधन्याच्या सिग्नलला एसी लावून मुद्दाम उभी राहिले. गाडी थरथरली नाही, बंद पडली नाही, गारेगार.

तेव्हा तुमच्या फाटकावर काय झालं ते आता कळलं. ट्रॉलीमागे एसी लावून उभे होतात, तेवढ्यात व्हायचं ते झालं. गाडी आपोआपच बंद पडली होती.

आता गजेंद्रभाईंचं. रविवारी मी कडोदऱ्याला गेले. कारखान्यात आवाज इतका, की ते मला बाहेर चहाच्या हातगाडीवर घेऊन आले. मी गाडीची मालकीण म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं मी भांडायला आले. मी पंख्याचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चहा तसाच राहिला.

मग म्हणाले, "म्हणजे बाबा खरं बोलत होते."

मी म्हटलं, "हो."

"मी त्यांना वेडं ठरवलं, ताई." त्यांनी भरलेला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पण तुम्हाला सगळं माहीत नाही. गाडी बंद पडली, मान्य. त्यानंतर काय झालं ते धनश्रीने सांगितलं. बाबा स्टिअरिंग धरून नुसते बसले होते. आई ओरडत होती, किल्ली फिरवा, किल्ली फिरवा. ते समोर बघत होते. आईने दार उघडून त्यांचा हात धरून खाली उतरवलं. ते पोरीला विचारत होते, आपण कुठे आलो?"

ते पुढे म्हणाले, "त्याच्या आधी दूध आणायला गेले ते दुपारी सापडले. डेपोत. ड्युटीचा चार्ट मागत होते. रिटायर होऊन किती वर्षं झाली! मला गाडी काढून घ्यायला कारण पाहिजे होतं. कारण गाडीनेच दिलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून गॅरेजचं नाव केलं."

निघताना त्यांनी विचारलं, "हे बाबांना लिहिणार का?"

काका, मी नाही लिहिणार असंच म्हणून आले. पण घरी तुमची दोन पत्रं एकाशेजारी एक ठेवली. एक एकोणतीस एप्रिलचं. दुसरं तीन दिवसांनंतरचं. त्यात तुम्ही मला पुन्हा ताई म्हटलंय, पुन्हा गाडी कोणी नेली ते सांगितलंय आणि पुन्हा तोच प्रश्न विचारलाय, ज्याचं उत्तर मी देऊन चुकले होते, ज्यावर तुम्ही इतके आनंदला होतात. ते पत्र सोबत परत पाठवते. तुमचंच अक्षर आहे, बघा.

मी रोज म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते. घरचे मला दारातच डोळ्यांनी खुणावतात, यांना काही सांगू नका. मी मान हलवते. आणि आत बसलेल्या माणसाला कळत असतं, की दारात काहीतरी ठरलं. तुमच्याशी आजवर सगळे असेच वागले, तुमच्या भल्यासाठी. मला त्यात आणखी एक व्हायचं नाही.

तुमचं गाडीबद्दलचं बोलणं खरं होतं. त्यांची भीतीही खोटी नाही. दोन्ही तुमच्यापुढे ठेवलं. माझं चुकलं असेल तर खुशाल रागवा.

चैताली

*

नंदुरबार
२ जून २०२५

चि. चैताली हिला,

तुझ्यावर रागावलो. ते पत्र फेकून दिलं. सुंदराने उचलून देवाच्या फळीवर ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं की जपून ठेवायला हवं.

चार-पाच दिवस मी ओट्यावरच बसून काढले. मग एका दुपारी ती पापड वाळत घालत होती, तिला विचारलं, "सुंदरा, फाटकवर मी किल्ली फिरावत व्हतू ना?"

तिने पुढचा पापड पसरला.

शपथ घालून म्हटलं, "खरं सांग. तुले मनी आन शे."

ती म्हणाली, "नही." आणि रडायला लागली. ओल्या हातांनी डोळे पुसले, तिखट डोळ्यांत गेलं, मग आणखी रडली. मी तांब्या आणून तिचे डोळे धुतले. ती म्हणाली, वर्षभर ती रात्री दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवते. मी समजत होतो चोरांची भीती.

बेटा, मला किल्ली फिरवल्याचं स्पष्ट आठवतं. हाताला ती टोचते आहे हेसुद्धा आठवतं. पण ते त्या वेळचं, की नंतर माझ्याच मनाने तयार केलेलं, हे आता मला सांगता येत नाही. गाडी बिघडली तर बॉनेट उघडून बघता येतं. स्वतःच्या आठवणीवरच विश्वास राहिला नाही, तर माणसाने कशाच्या आधाराने बोलायचं? याच विचारात काही दिवस गेले. वाईट गेले.

मी गजेंद्रला पत्र टाकलं, ये म्हणून. तो सुट्टी काढून आला. आल्यावर पायच धरले त्याने. म्हणाला, "बाबा, गाडीचं मी खोटं बोललो."

मी म्हटलं, "गाडीचं जाऊ दे. तू मला हे का सांगितलं नाहीस, की मी आपण कुठे आलो असं विचारत होतो?"

तो म्हणाला, "कसं सांगू? तुम्ही मला स्टिअरिंग धरायला शिकवलं. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग दुसऱ्या कोणी सांगितलं, ते बरं झालं का?"

मग आम्ही तिघं जेवलो. बऱ्याच दिवसांनी तो माझ्या ताटाशेजारी बसला.

त्याच्याबरोबर सुरतेला येतो आहे. तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. आधी तो तपासणीचं नाव काढायचा तेव्हा मी भांडायचो, कारण तपासणी म्हणजे मला खोटं ठरवणं वाटायचं. आता मी खोटा नाही हे तू लिहून दिलंस, तर तपासून घ्यायला भीती वाटत नाही. म्हणजे वाटते, पण वेगळी.

गाडी तुझीच. मनात काही ठेवू नकोस.

लोटू मराठे

*

भेस्तान
१७ जून २०२५

आदरणीय काका,

तुम्ही सुखरूप नंदुरबारला पोचलात हे गजेंद्रभाईंनी कळवलं. त्यांनी रक्त घ्यायला मला बोलावलं तेव्हा मी किती घाबरले होते, ते तुम्हाला कळलं असेल. एवढ्या लोकांना सुई टोचली, पण तुमची शीर दोनदा शोधावी लागली. तुम्ही म्हणालात, "सावकाश, मागे बस नाही." मग सुई बरोबर बसली.

एक मनात राहिलंय. गजेंद्रभाईंच्या घरून खाली उतरल्यावर तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने दाबून पाहिलं, बॉनेटवर हात ठेवला. मी किल्ली पुढे केली. समोर मोकळं मैदान होतं, मी शेजारी बसणार होते, गजेंद्रभाईही काही बोलले नसते. तुम्ही नाही म्हणालात आणि मागे हात बांधून उभे राहिलात. मी चुकले का? तुम्हाला दुखवलं का?

रिपोर्ट डॉक्टरांकडे गेले आहेत. त्यांनी काय सांगितलं ते गजेंद्रभाईंनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्हीच लिहा.

आईचा जयभीम. ती म्हणते, पुढच्या वेळी जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
चैताली

*

नंदुरबार
६ जुलै २०२५

चि. चैताली हिला अनेक आशीर्वाद.

उत्तराला खरंच उशीर झाला की तुझ्या पत्राला उत्तर देऊन झालंय, हे आधी सुंदराला विचारून घेतलं. ती म्हणाली, दिलं नाही. तरी हे दुसऱ्यांदा आलं तर पहिलंच समजून वाच.

डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला मोकळे. त्यांनी गजेंद्रला नाही, मला समोर बसवलं. म्हणाले, विसरण्याचा आजार सुरू झाला आहे. गोळ्यांनी सावकाश वाढेल, मागे फिरणार नाही. मी विचारलं, गाडी? ते म्हणाले, नको. मी म्हटलं, ते मी आधीच ठरवलंय.

तू किल्ली पुढे केलीस तेव्हा दुखावलो नाही. उलट बरं वाटलं. गजेंद्रने गाडी नेली तेव्हा ती माझ्याकडून काढून घेतली गेली होती. मी वर्षभर तिच्यासाठी भांडलो ते त्यामुळेच. तू किल्ली देत होतीस, आणि घेणं न घेणं माझ्या हातात होतं. मला बसावंसं वाटत होतं, अगदी खूप. पण मी माझ्या मनाशी म्हणालो, हा माणूस ड्युटीवर आला तर डेपो मॅनेजर म्हणून तू याला गाडी देशील का? नाही देणार. मग मी नाही म्हणालो. ड्रायव्हर म्हणून घेतलेला तो माझा शेवटचा निर्णय, आणि बरोबर घेतला.

घरी बसून तिघांनी ठरवलं. दाराला कुलूप लावायचं, पण मला सांगून. खिशात नाव-पत्त्याचं कार्ड ठेवायचं. ते धनश्रीने लिहून पाठवलंय, रंगीत पेनने, कडेला फुलं काढून. आणि सकाळची भाजी आणायला मी एकटा जायचं. हे माझं म्हणणं होतं. सुंदरा कबूल नव्हती. गजेंद्र म्हणाला, "जाऊ दे आई." तिने भाजीची पिशवी माझ्यापुढे ठेवली.

पहिल्या दिवशी निघालो. चौकात वळलो आणि मला जाणवलं की मागे कोणीतरी आहे. दुकानाच्या काचेत पाहिलं, तर सुंदरा. पदर डोक्यावर घट्ट घेऊन, पिशवी बगलेत दाबून, लोकांच्या आडून येत होती. मला राग आला. मग मी चाल कमी केली. तिचे गुडघे दुखतात, आणि माझ्या वेगाने तिला धापा लागल्या असतील.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. मी पुढे, ती मागे. मी वळून बघत नाही, ती हाक मारत नाही. घरी पोचलो की पाठोपाठ येते आणि म्हणते, शेजारणीकडे गेलती. मी म्हणतो, बरं.

परवा मात्र पाऊस उघडला होता आणि ऊन फार लागत होतं. मंडईच्या तोंडाशी रसवंती आहे. तिथे बाकावर बसलो. पोऱ्याने विचारलं, "आजोबा, किती?"

मी म्हटलं, "दोन. एकात बर्फ नको, तिच्या घशाला चालत नाही."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही तर एकटेच आहात."

"येतेय," मी म्हटलं, आणि बाकावर शेजारी जागा करून रस्त्याकडे पाठ फिरवून बसलो. तिला यायला संकोच वाटू नये म्हणून.

लोटू हिलाल मराठे